तरू विकले, पीक राहिलं: सव्वातीन एकरांच्या एका खरेदीखताचं प्रकरण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये सतरा फोटो होते. सागाचे चार बुंधे, ताज्या कापाचे, भोवती लाकडाचा भुसा. विहिरीचं तोंड आणि काठावर पडलेली कापलेली केबल. स्टार्टरची पेटी उघडी, आत तीन वायरी मोकळ्या. शेवटच्या फोटोत केळीच्या बागेत एक अनोळखी माणूस घडांना लाल सुतळी बांधत फिरतोय.

"चोरी झाली वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, "आणि पोलीस म्हणतात, दिवाणी मॅटर आहे."

मास्तरांनी फेब्रुवारीत ही जमीन रीतसर खरेदीखत नोंदवून घेतली होती. चोपडा तालुका, तापीच्या अलीकडची काळी जमीन, 1 हेक्टर 31 आर, म्हणजे सव्वातीन एकर. विकणारे आप्पा त्याच गावचे, सत्तरीला आलेले. मुलगा पुण्याला नोकरीत, वावर कसायला कोणी नाही. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि आप्पांच्या बांधाला बांध लागून असलेले. दोघं एकमेकांना चाळीस वर्षं ओळखतात, लग्नाकार्यात एका पंगतीला बसलेले आहेत. (गाव सांगत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.)

जमिनीवर काय काय होतं ते आधी सांगतो, कारण सगळा वाद त्यातच आहे. बांधावर नऊ साग. विहिरीजवळ एक जुना आंबा. साठ फूट विहीर, तिच्यात सबमर्सिबल मोटर, तिथून जमिनीखालून गेलेली पीव्हीसीची पाईपलाईन. केळीत ठिबकच्या नळ्या. एक पत्र्याचं शेड. शेडमागे चार ट्रॉल्या शेणखत. आणि जून 2024 ला लावलेली, निसवत आलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेली, केळीची मृगबाग.

आप्पांनी खरेदीखतानंतर तीन आठवड्यांनी मोटर वर ओढून आपल्या दुसऱ्या वावरात नेली आणि चार साग तोडले. घडांना सुतळी बांधणारा माणूस चोपड्याच्या केळी व्यापाऱ्याचा होता. त्या शेठजींनी जानेवारीतच आप्पांना साठ हजार रुपये बयाणा दिला होता. मी आप्पांना निरोप पाठवला. ते आले, खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहून म्हणाले: "जमीन ईकी मी. मन्हा बापनी लायेल झाडं नहीं ईकात."

कागद काय बोलस

गावात असा वाद झाला की पहिला प्रश्न हाच असतो. कागद बोलत होता तो असा: सदर मिळकत "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह" कायम खूष खरेदी दिली, आणि प्रत्यक्ष कब्जा आजरोजी दिला.

ही ओळ महाराष्ट्रातल्या हजारो खरेदीखतांत असते. बॉण्ड रायटर ती पाठ असल्यासारखी टाकतात, वाचणारा कोणी नसतो. मीही बरीच वर्षं ती मंत्रासारखीच वाचत आलो. या प्रकरणात पहिल्यांदा थांबून वाचली आणि कळलं की ज्यानं कोणी ती बसवली, त्याला कायद्यातली फट नेमकी ठाऊक होती. निदान अर्धी तरी.

फट अशी. स्थावर आणि जंगम हे आपल्याकडचे जुने शब्द. जे हलत नाही ते स्थावर, जे हलतं ते जंगम. कायदा मात्र हलण्या-न हलण्यावर चालत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये जंगमाची व्याख्या एका ओळीची आहे: स्थावर सोडून उरलेली सगळी मालमत्ता. म्हणजे जंगम म्हणजे काय हे समजायला आधी स्थावर काय ते बघावं लागतं. आणि स्थावरात येतात जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, जमिनीला जोडलेल्या वस्तू आणि अशा जोडलेल्या वस्तूंना कायमच्या पक्क्या केलेल्या वस्तू.

इथपर्यंत साग, केळी, आंबा, सगळं स्थावर. पण 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की उभं इमारती लाकूड, वाढतं पीक आणि गवत यांचा स्थावरात समावेश होत नाही. 1908 चा नोंदणी कायदा तर या तिघांना उघडपणे जंगमात घालतो, वर झाडावरचं फळ आणि झाडातला रसही जोडतो. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदवलेला दस्त लागतो (हा शंभराचा आकडा 1882 पासून कोणी हलवलेला नाही), आणि उभं पीक विकायला साधी चिठ्ठी पुरते, चिठ्ठी नसली तरी चालतं.

आता पुन्हा ती ओळ वाचा. तरू, तृण, काष्ठ. झाड, गवत, लाकूड. कायद्यानं जे तीन बाहेर काढले, त्यातले दोन त्या ओळीनं हात धरून परत आत आणले. तिसरं, म्हणजे पीक, राहून गेलं. आणि यंत्र तर ही ओळ रचली गेली तेव्हा विहिरीवर नव्हतंच, मोट होती. आमचं भांडण झालं ते याच दोन गोष्टींवर. सागाचं भांडण मोठ्या आवाजात झालं, पण कायद्याच्या अंगानं ते सगळ्यात सोपं होतं.

जाता जाता: त्या ओळीतला "निधी" कोणाला विकता येतो की नाही, हा वेगळाच प्रश्न. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर आधी कलेक्टरला कळवावं लागतं. नांगराच्या फाळाला हंडा लागला तर खरेदीखत दाखवून भागणार नाही.

साग: एकच झाड, दोन कायदे

आप्पांचं म्हणणं भावनेचं होतं, पण त्यांच्या मुलानं फोनवर त्याला कायद्याचा सदरा घातला. कुठेतरी वाचून तो म्हणाला, साग म्हणजे टिंबर, टिंबर म्हणजे जंगम, आणि खरेदीखत फक्त स्थावराचं आहे.

पोरगा पूर्ण चूक नव्हता. इमारती लाकडाचं उदाहरण द्यायचं तर पहिला साग, मग शिसव. पण "उभं इमारती लाकूड" आणि "झाड" यांत फरक आहे आणि तो सुप्रीम कोर्टानं 1958 मध्ये शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सांगितला. एका जमीनदारानं 1948 साली आपल्या बायकोला 26,000 रुपयांत जंगलातलं लाकूड तोडून नेण्याचा हक्क दिला होता, मुदत बारा वर्षांच्या वर, दस्त नोंदवलेला नाही. पुढे जमीनदाऱ्या सरकारकडे गेल्या आणि बाई आपला हक्क मागत कोर्टात गेल्या. दस्त नोंदवलेला नव्हता, तिथंच अडलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात जे लिहिलं ते मला फार शेतकऱ्याचं वाटतं: झाड उभं आहे तोवर ते मातीतून खातंच राहणार. म्हणून ते लाकूड समजायचं तर दोन गोष्टी हव्यात. आज कापलं तर लाकूड म्हणून कामाला येईल इतकं ते तयार हवं, आणि ते लवकरच कापायचं ठरलेलं हवं. बारा वर्षं झाडं उभी राहणार, खाणार, वाढणार, मग ती विक्री लाकडाची राहत नाही. जमिनीतून लाभ घेण्याचा तो हक्क झाला, म्हणजे स्थावर.

आप्पांचे साग तयार होते, यात वाद नाही. पण खरेदीखताच्या दिवशी ते कापायचं कोणाच्या मनात नव्हतं. त्या दिवशी ती झाडंच होती. आणि समजा लाकूड धरलं, तरी दस्तात "तरू, काष्ठ" लिहिलेलं. लेखी नोंदणीकृत दस्ताच्या विरुद्ध "तोंडी असं ठरलं होतं" हा पुरावा सहसा चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातली कलमं 91 आणि 92, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातली 94 आणि 95. साग मास्तरांचे. इथे मला तासभरही विचार करावा लागला नाही.

मग पोलिसांनी चोरी का नोंदवली नाही? इथे दुसरा कायदा येतो आणि तेच झाड दुसऱ्या रांगेत जाऊन बसतं.

भारतीय न्याय संहिता, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तिच्यात जंगमाची स्वतःची व्याख्या आहे. जमीन, जमिनीला जोडलेल्या वस्तू आणि त्यांना कायम जखडलेल्या वस्तू सोडून सगळं जंगम. जुन्या दंडसंहितेत "मूर्त" असा शब्द होता, तो आता गेला. पण उभं लाकूड किंवा पीक बाहेर काढणारा तुकडा दंडसंहितेत तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. म्हणजे नोंदणी कार्यालयात तयार साग जंगम ठरू शकतो, पण पोलीस स्टेशनात तो उभा असेपर्यंत स्थावरच. आणि चोरी फक्त जंगमाची होते.

उभ्या झाडाची चोरी होतच नाही, असं मात्र नाही. चोरीच्या कलमाखालचं पहिलं स्पष्टीकरण म्हणतं, वस्तू जमिनीपासून सुटली की त्याच क्षणी ती चोरीला पात्र होते. दुसरं म्हणतं, ज्या कृतीनं ती सुटली त्याच कृतीनं ती हलली, तरी चोरी होऊ शकते. आणि पहिलं उदाहरणच झाडाचं आहे: एकाच्या जमिनीवरचं झाड दुसऱ्यानं बेइमानीनं न्यायच्या इराद्यानं तोडलं, तोडलं की चोरी पूर्ण. ट्रॉलीत भरायची वाट बघायची गरज नाही. गिरणेच्या वाळूचंही हेच. पात्रात आहे तोवर जमीन, फावड्यानं उचलली की जंगम. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये दिल्ली सरकार विरुद्ध संजय या प्रकरणात सांगितलं की खनिज कायद्याखाली कारवाई होते म्हणून वाळूच्या चोरीचा साधा गुन्हा टळत नाही.

तेव्हा "दिवाणी मॅटर" म्हणणारा हवालदार व्याख्येवर चुकला. पण तो दुसऱ्या कारणानं निम्मा बरोबर होता, हे मी मास्तरांना सांगितलं आणि त्यांना ते आवडलं नाही. चोरीला बेइमानी लागते. आप्पांनी दिवसाढवळ्या, गावासमोर, आपल्या बापानं लावलेली म्हणून झाडं तोडली. त्यांचा दावा कायद्यानं टिकत नाही, पण तो मनापासूनचा होता, आणि मनापासूनच्या हक्कापोटी उचललेली वस्तू चोरी होत नाही. फौजदारी कोर्टात आप्पा सुटले असते. मधल्या काळात दोन घरांतलं येणंजाणं मात्र कायमचं बंद झालं असतं.

आप्पांना खरा फटका बसला तो तिसऱ्याच बाजूनं. साग हे 1964 च्या महाराष्ट्र झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतलं झाड आहे. स्वतःच्या वावरातला साग तोडायलासुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. आप्पांकडे दोन्ही नव्हते. वनखात्यानं ट्रॉली अडवली. ते प्रकरण वेगळं चाललं, इथे सांगत नाही.

मोटर

या वस्तूवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि अजूनही माझी खात्री पन्नास-पन्नासच्या थोडीच पुढे आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यात "जमिनीला जोडलेलं" याचे तीन प्रकार दिलेत. मुळांनी रुजलेलं, जसं झाड. गाडलेलं, जसं भिंत, इमारत. आणि तिसरं, गाडलेल्या वस्तूला जोडलेलं, पण ते त्या गाडलेल्या वस्तूच्या कायमच्या उपभोगासाठी जोडलेलं हवं. विहीर गाडलेली, हे उघड. मोटर विहिरीला जोडलेली. कशासाठी? विहिरीच्या उपयोगासाठी, असं मास्तरांचं म्हणणं. मोटरीशिवाय विहीर म्हणजे खड्डा.

पण सबमर्सिबल जोडलेली असते कशी ते बघा. कॉलम पाईपाला लटकलेली, वर नायलॉनचा दोर, सोबत केबल. जळाली की चौघं लागतात, तिपाईला चेन-पुली लावून वर ओढतात, रिवाइंडिंगला चोपड्याला नेतात, दोन दिवसांनी परत सोडतात. या विहिरीतली मोटर पाच वर्षांत तीनदा वर आली होती, रिवाइंडिंगची बिलं आप्पांकडे होती. जी वस्तू दर दीड-दोन वर्षांनी वर येते तिला कायमची जोडलेली म्हणायचं का?

कोर्टांचा कल गेल्या तीसेक वर्षांत कुठे गेलाय ते बघितलं. कर आणि उत्पादन शुल्काच्या वादांतून हा प्रश्न पुन्हा पुन्हा सुप्रीम कोर्टात गेला. 1997 च्या सिरपूर पेपर मिल्स निकालात काँक्रीटच्या पायावर बसवलेलं कागदाचं यंत्र जंगम ठरलं, कारण पाया यंत्र थरथरू नये म्हणून होता. 2010 च्या सॉलिड अँड करेक्ट निकालात रस्त्याच्या कामाचे डांबर मिक्स करणारे प्लांट होते, दीड फूट खोल पायाला नटबोल्टनी धरलेले. तेही जंगम, कारण काम संपलं की उचलून पुढच्या रस्त्यावर न्यायचे. आपल्याकडे धुळे-जळगाव हायवेच्या कामात ज्यांनी हे प्लांट बघितलेत त्यांना हे पटायला अडचण नाही. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एअरटेलच्या प्रकरणात मोबाईल टॉवरही जंगम ठरला. एवढा लोखंडी मनोरा! उतरवून दुसरीकडे उभा करता येतो आणि तसा करतात, म्हणून जंगम.

उलट बाजूला 1999 सालचा डंकन्स इंडस्ट्रीजचा निकाल आहे. खताचा आख्खा कारखाना विकला, आणि स्टॅम्प ड्युटी वाचवायला यंत्रं वेगळी, जंगम म्हणून दाखवली. कोर्ट म्हणालं, ही यंत्रं चालू कारखाना म्हणून कायमची राहावीत याच हेतूनं बसवलेली, आणि विकलीही तशीच. म्हणून स्थावर, आणि भरा ड्युटी.

सगळं मिळून पाहिलं तर दोनच प्रश्न उरतात. वस्तू जोडली कशी, आणि जोडली कशासाठी? दुसरा प्रश्न पहिल्यावर भारी पडतो. मास्तर माझे पक्षकार होते, तेव्हा मी डंकन्स धरून बसलो असतो: बागायत जमीन म्हणून विकली, बागायतीचा भाव घेतला, आणि बागायत म्हणजे पाण्यासकट. वाईट युक्तिवाद नाही. पण समोर मी असतो, तर न्यायाधीशांच्या टेबलावर फक्त ती तीन रिवाइंडिंगची बिलं ठेवली असती आणि खाली बसलो असतो.

पाईपलाईनचा असा त्रास नाही. तीन फूट खाली गाडलेली, उकरून काढली तर निम्मी फुटते. ती मास्तरांची. स्टार्टरची पेटी भिंतीला चार स्क्रूंनी, ती मोटरीच्या मागे जाते. वीज कनेक्शन नावावर करायचा अर्ज वेगळाच असतो, त्याचा या वादाशी संबंध नाही. ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या, बाग काढली की गुंडाळून शेडमध्ये ठेवायच्या. त्या जंगम, म्हणजे आप्पांच्या, जोवर दस्तात त्यांचा उल्लेख नाही. शेडचे अँगल सिमेंटमध्ये रोवलेले, म्हणून शेड स्थावर. शेणखत? ढीग आहे तोवर जंगम, शेतात पसरून वखरलं की माती. दोघंही त्या चार ट्रॉल्यांवरून जेवढे भांडले तेवढे सागावरूनही नाही.

केळी

आता मूळ पैशाची गोष्ट. बागेची लावण जूनची. जानेवारीत शेठजींनी बयाणा दिला तेव्हा जेमतेम चार आणे बाग निसवली होती. सौदा उक्ता, म्हणजे वजन न करता एकरकमी, आणि चिठ्ठी खताच्या बिलाच्या पाठीमागे बॉलपेननं: "पहिला माल व पील उक्ते ठरविले, बयाणा रु. 60,000 पोच." खाली आप्पांची सही, अक्षरं वरच्या छापील मजकुरात घुसलेली.

मास्तर म्हणाले, असल्या चिठोऱ्याला काय किंमत? माझ्या हातात रजिस्टर खरेदीखत आहे.

किंमत आहे. वाढतं पीक जंगम आहे, 1930 च्या मालविक्री कायद्यात "माल" या शब्दात वाढतं पीक स्पष्ट घेतलंय, आणि माल विकायला नोंदणी लागत नाही. तारीखही मास्तरांच्या दस्ताच्या आधीची. पण चिठ्ठीत तीन वेगळे माल होते आणि तिघांचं नशीब वेगळं.

निसवलेले घड हातात धरून दाखवता येत होते. त्यांची विक्री झाली असं म्हणायला जागा आहे. न निसवलेल्या झाडांचे घड जानेवारीत अस्तित्वातच नव्हते. जो माल अजून जन्मला नाही त्याची कायद्यानं विक्री होत नाही, फक्त विकण्याचा करार होतो. तो करार आप्पांनी मोडला तर शेठजींनी आप्पांकडून पैसे मागावेत, मास्तरांच्या बागेत सुतळ्या बांधू नयेत. आणि तिसरं, पील. पहिल्या कापणीनंतर बुडाशी सोडलेल्या पिलांवर पुढच्या वर्षी जो माल येतो तो. म्हणजे पुढचं वर्षभर दुसऱ्याच्या जमिनीत पीक उभं राहणार, तिचं पाणी-खत खाणार, आणि शेवटी माल नेण्याचा हक्क शेठजींचा. हे मला पिकापेक्षा जमिनीतून लाभ घेण्याच्या हक्काजवळ जाणारं वाटतं. आपल्या सातपुड्यात तेंदूपानं गोळा करतात, तशाच तेंदूपानांच्या ठेक्यावर 1959 मध्ये सुप्रीम कोर्टानं महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात म्हटलं की मुदतभर पानं नेण्याचा तो हक्क जमिनीतला हितसंबंध आहे आणि त्याला नोंदणी हवी. खताच्या बिलाची पाठ तिथे पुरत नाही. विरुद्ध बाजूनं या मुद्द्यावर वाद झालाच असता, पण मी तो आनंदानं घेतला असता.

आणि जे शेठजींचं नाही ते कोणाचं? आप्पांचं की मास्तरांचं? दस्तात "पीक" शब्द नाही. पीक जंगम, दस्त स्थावराचा, म्हणून पीक आप्पांचं, असं वाटतं. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 8 सांगतं, वेगळा इरादा दिसत नसेल तर जमिनीसोबत "जमिनीला जोडलेल्या" सगळ्या वस्तू जातात. पीक स्थावर नसेल, पण रुजलेलं तर आहे. व्याख्येनं एका दारातून बाहेर काढलेलं पीक दुसऱ्या दारानं जमिनीसोबत आत येतं. शिवाय कब्जा त्याच दिवशी दिल्याचं लिहिलेलं. माझ्या मते बाग मास्तरांची.

हे मी मास्तरांना सांगितलं, तेव्हा ते खूष झाले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर, व्हरांड्यात, आप्पा म्हणाले होते: "केळी काढीसन मंग वावर तुमनं." मी हो म्हणालो होतो.

मी पेन खाली ठेवला. कोर्टात हे वाक्य पुराव्यात आणणं आप्पांना जड गेलं असतं. पण ते वाक्य आता माझ्या ऑफिसात होतं, आणि ते खुद्द माझ्या पक्षकारानं आणलं होतं.

शेठजींच्या वकिलांनी मधल्या काळात एक नोटीस पाठवून बागेवर जप्ती आणू असा दम भरला. दिवाणी प्रक्रिया संहितेत वाढतं पीक जंगम धरलंय खरं, पण हुकूमनाम्याआधी शेतकऱ्याच्या ताब्यातल्या शेतमालावर जप्ती मागता येत नाही, ऑर्डर 38, नियम 12. मी एवढंच उत्तर लिहिलं. पुढची नोटीस आली नाही.

आखाजीच्या आधी

मिटलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, चार दिवस आधी. आप्पांच्या दोन्ही मुली माहेरी यायच्या होत्या आणि वाद घरात ठेवून त्यांना बोलवायचं आप्पांच्या बायकोच्या जिवावर आलं होतं. माझ्या ऑफिसात आप्पा, मास्तर, शेठजी आणि गावचे दोघं बसले.

पहिला माल शेठजींनी उक्ता सोडून कापणीच्या दिवशीच्या भावानं घ्यायचा. त्यातून बयाणा वळता, मास्तरांनी मध्यंतरी नवी मोटर टाकून बाग जगवली त्या पाण्या-खताचा खर्च वळता, चार सागांची किंमत वळती, उरलेलं आप्पांचं. पील मास्तरांचं. जुनी मोटर आप्पांची, नळ्या मास्तरांना. शेणखत दोन-दोन ट्रॉल्या. शेठजींनी खताच्या बिलाची चिठ्ठी काढून माझ्यासमोर फाडली, आणि तुकडे पुन्हा खिशात ठेवले.

मी लिहून घेत होतो. सह्या व्हायच्या आधी आप्पांच्या बायको, ज्या इतका वेळ बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, दारात आल्या आणि म्हणाल्या, "आनि कैरीस्नं काय?"

विहिरीजवळच्या आंब्याच्या कैऱ्या. तीस वर्षं त्यांचं लोणचं त्याच झाडाचं. आंबा फळझाड, लाकडासाठी लावलेला नाही, म्हणून तो निर्विवाद स्थावर, जमिनीसोबत मास्तरांकडे गेलेला. मास्तर लगेच म्हणाले, लिहा वकीलसाहेब, दरवर्षी दोन गोण्या कैऱ्या आप्पांच्या घरी.

मी लिहिलं नाही. दरवर्षी दुसऱ्याच्या झाडाची फळं नेण्याचा हक्क म्हणजे जमिनीपासून मिळणारा लाभ. तो पाचशेच्या स्टॅम्पवर, नोंदणीशिवाय लिहिला तर कागद उगाच लंगडा होतो, आणि उद्या कोणाच्या तरी नातवाला त्यावरून भांडायला जागा मिळते. मी हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की याला झालंय तरी काय.

"मग नका लिहू," मास्तर म्हणाले.

मेच्या शेवटी मास्तरांनी गडी पाठवून आप्पांच्या घरी दोन गोण्या टाकल्या. तिसरी, छोटी, माझ्या ऑफिसात आली. कैऱ्या देठासकट तोडलेल्या होत्या, चीक अजून ओला होता.